छत्रीच्या कापडाची सॅक

४ मार्च

चि. बाबू,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज त्यांच्या पाठोपाठ एक काम येतंय. तेव्हा आधी नीट बसून घे.

मी परवा निवृत्त झाले. पोस्टातल्या लोकांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, तिला घड्याळ! मी ते मांजरीपुढे लावलंय. बघत बसते बिचारी.

आमच्या गावावरून ती लांब डोंगरवाट जाते, हे तुला ठाऊक आहे. वाटसरू पायथ्यापासून निघतात आणि चार-पाच दिवसांनी इथे पोचतात. पोचल्यावर पहिलं काम काय करतात? जेवण नाही, अंघोळ नाही. थेट माझ्या पार्सलच्या खिडकीशी येतात आणि नकोसं झालेलं सामान घरी पाठवतात. दुसरी कढई, तिसरा स्वेटर, घडीची खुर्ची, कुऱ्हाड, विटेएवढी पुस्तकं. एकाने तर इस्त्री आणली होती. मी तोंडातून शब्द काढला नाही, पण तोच म्हणाला, “बाई, हसून घ्या एकदाचं.”

नोकरीभर मी लोकांचा नकोसा संसार तोलला, बाबू. निवृत्तीच्या आदल्या दिवशी सहज मनात आलं, की ज्या वस्तू एकानेही कधी परत पाठवल्या नाहीत अशा किती असतील? आठवून बघितलं, तर सगळ्या मिळून मांडीवर मावतील एवढ्याच निघाल्या.

तेवढंच घेऊन मी जाणार आहे. अख्खी वाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उन्हाळा संपून वरची खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत. इतकी वर्षं ती माणसं माझ्या खिडकीसमोरून गेली आणि मी दूधवाल्याच्या दुकानापलीकडे गेले नाही. गुडघा डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, “गुडघा तुम्हाला नेईल, तुमच्या सामानाला नेणार नाही.”

तेव्हा मला एक सॅक शिवून दे. रिकामी असताना ओल्या टॉवेलपेक्षा जड नको. आणि दादाला सांगू नकोस. तो मला वेडी म्हणेल, आणि मग मला खरंच जावं लागेल.

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. बाबांना मी सांगितलं नाही. त्यांनी पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दुकानात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “माझी बहीण वेडी नाही. तिला वेड लागलंय. त्यात फरक असतो.” तेव्हा आता तुला जावं लागणार असं दिसतं.

पण आत्या, तू कोणाकडे काय मागतेस याचा विचार केलास का? आपल्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, ‘एकदा घ्या, नातवाला द्या.’ आपली सगळ्यात खपणारी सॅक ‘हत्ती’ या नावाने ओळखली जाते. प्रत्येक सॅकची परीक्षा कशी होते, तेही तुला माहीत आहे. ती आढ्याला टांगतात, पट्ट्याला मी लोंबकळतो आणि मग माझ्या कमरेला बाबा. आजोबांपासून या घराने एकच गोष्ट शिकवली, की तुटता कामा नये. आता तू म्हणतेस, जड असता कामा नये. ही दोन वाक्यं एकाच सुईत ओवता येतील का, बघतो.

शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे की देव प्रत्येकाला झेपेल एवढंच ओझं देतो. हे मी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “देव देतो तेवढंच असतं हो. उरलेलं माणूस बांधून घेतो. आत्याबाई तेच म्हणतायत.”

सॅक महिनाअखेर पाठवतो. गुडघ्याला जप.

तुझा भाचा

२ एप्रिल

चि. बाबू,

सॅक मिळाली. फार देखणी आहे. परत पाठवते आहे.

मी ती घेऊन थेट माझ्या जुन्या खिडकीवर गेले. तिथे आता नवीन मुलगी बसते. तिने काट्यावर ठेवली आणि विचारलं, “मावशी, आत काय आहे?” म्हटलं, काही नाही. म्हणाली, “असं कसं होईल?” मला पण तोच प्रश्न पडला. घरी येऊन अस्तर उसवलं, तर आत दुसरी सॅक! पाहुणी लपवावी तशी लपवलेली. खांद्याच्या पट्ट्यांत चामडं, तळाला लाकडाची फळी. हे दादाचं काम की तुझं? माझ्याशी लबाडी? लहानपणी तुझे कान मीच पिळले होते, विसरलास वाटतं.

मग मी कात्री घेतली. लोखंडी फ्रेम काढली. सगळे खिसे काढले. खिसा दिसला की माणूस त्यात काहीतरी घालतोच, खिसा म्हणजे आमंत्रण. झाकण काढलं, बकलं काढली. सोबत ते सगळं पाठवलंय. बघ, कातरण सॅकपेक्षा जड भरलं की नाही.

तू म्हणशील, फ्रेम नाही तर पाठीला आधार कशाचा? झोपायची पातळ गादी नळीसारखी गुंडाळायची, सॅकमध्ये उभी घालायची आणि बाकीचं सामान त्या नळीच्या पोटात भरायचं. मी उशीच्या खोळीला नाड्या शिवून करून पाहिलं. पाठ ताठ राहते. शेजारीण म्हणाली, “कुठे निघालात उशी घेऊन?”

आता राग आला असेल तर दोन दिवस रागाव. मग शिव.

आत्या

२० एप्रिल

ती. आत्या,

दुसरा थर मीच घातला होता. बाबांवर ढकललं असतं, पण ते समोरच बसलेत. लबाडी करायची म्हणून नाही केली. हातच ऐकत नव्हते. एक शिवण घातली की दुसरी आपोआप पडायची.

राग आला, खरं सांगतो. आपल्या कामाचं कातरण पुडीत बांधून परत आलं तर कोणाला येणार नाही? सांगितलंस तसा दोन दिवस रागावलो. शेवटी शेजारचा छत्रीवाला आला. सगळं ऐकलं आणि म्हणाला, “शेठ, वादळात छत्री उलटी होते, काड्या मोडतात, दांडा वाकतो. पण कापड फाटलेलं कितीदा पाहिलंत?”

मी उठून त्याच्या दुकानात गेलो. छत्रीचं कापड हातात घेतलं, ओढलं, दातांनी फाडून पाहिलं. नाही फाटलं. आयुष्यभर भिंतीला भिंत लागून ती दुकानं, आणि मी ते कापड कधी बोटांत धरलं नव्हतं.

आमच्या जाड कापडाच्या मशीनने ते चावून टाकलं. मग बायकोने तिचं घरचं मशीन दिलं आणि कसं शिवायचं तेही शिकवलं. बारीक सुई घ्यायची, कापडाखाली पातळ कागद धरायचा, शिवून झालं की कागद फाडून काढायचा. मी शिकत असताना बाबा मागे उभे होते. म्हणाले, “चाळीस वर्षं मी जाड कापड शिवलं आणि आता हा बाळंत्यांच्या मशीनवर बसलाय.”

सॅकसोबत रजई आहे. तिला खालची बाजू नाही, दचकू नकोस. आपण झोपतो तेव्हा अंगाखालचा कापूस दबून कागदासारखा होतो. त्यात ऊब कसली राहणार? मग तो वाहायचाच कशाला? तंबूऐवजी एक मोठी चादर दिली आहे, त्याच कापडाची. तुझी काठी मधे उभी करायची आणि कोपरे दोरीने ताणायचे.

सगळ्या शिवणी एकेरी आहेत. तू मागितलंस तेच दिलंय. पण आत्या, हल्ली देवापुढे बसलो की मनात नाव येत नाही, शिवण येते. वर खिंडीत वाऱ्यात ती उसवली, रजई भिजली, तर तू काय करशील? मला एक वचन दे. एक जरी शिवण उसवली तरी मागे फिरायचं. हे दे, मग निघ.

तुझा भाचा

९ जून

चि. बाबू,

वचन दिलं. निघाले. आता मुक्कामाच्या एका घरातून लिहिते आहे. वाटेवरच्या प्रत्येक पोस्टात वाटसरूंची पत्रं ठेवून घेतात, तेव्हा उत्तर पुढच्या गावी टाक. शिवण ठीक, गुडघा ठीक, नाक तेवढं उन्हाने सोललंय.

परवा चढावर मला आधी एक ‘हत्ती’ दिसला. आपल्या दुकानाचा! वळणावर आधी सॅक आली, मग तिच्याखालून एक उंच माणूस. भूमितीचा शिक्षक आहे. मी त्याला लंबू मास्तर म्हणते, तो मला आजी म्हणतो. बसला की उठायला त्याला झाडाची मदत लागते. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “आजी, तुमचं सामान मागून येतंय का?”

“हेच सामान.”

“आणि झोपता कशात?”

“यातच.”

“आणि पाऊस आला तर?”

तेवढ्यात आलाच. माझी चादर काठीवर चढली, मी आत बसून बघत राहिले. मास्तर बाहेर तंबूच्या दांड्यांशी कुस्ती खेळत होते. एक दांडी उलटी लागली, मग सगळंच उलटं. शेवटी मी हाक मारली, “मास्तर, त्रिकोणात या!” माझ्या चादरीखाली दोन माणसं कशीबशी मावली. माझा एक अंगठा भिजला, बस. सकाळी तो बराच वेळ चादरीकडे बघत बसला. म्हणाला, “आयुष्यभर मुलांना शिकवलं की त्रिकोण सगळ्यात पक्का. आणि मी स्वतः चौकोनात झोपतो.”

मग त्याने सॅक ओतली आणि ढीग केला. अर्धाअधिक पुढच्या गावातून घरी पाठवायचं ठरलं. एवढ्यावर थांबेल तर शपथ. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली. म्हटलं, “मास्तर, आता हे जरा जास्त होतंय.” म्हणाला, “आजी, सुरुवात तुम्ही केलीत.”

त्याचं कार्ड तुला येईलच. त्याला माझ्यासारखी सॅक हवी आहे. उंच माणूस आहे, पाठ लांब धर.

आत्या

२८ जून

ती. आत्या,

मास्तरांचं कार्ड आलं. त्यामागून आणखी आली. ज्यांना तू वाटेत दिसलीस, ज्यांनी मास्तरांना चालताना पाहिलं, त्या सगळ्यांची. एकाने लिहिलंय, ‘उशीची खोळ घेऊन चालणाऱ्या आजींची सॅक पाहिजे.’ छत्रीवाला खूश आहे. म्हणतो, “यंदा पाऊस नाही पडला तरी चालेल.”

बाबा प्रत्येक तयार सॅक दोन बोटांत धरतात आणि गिऱ्हाइकासमोर विचारतात, “ही सॅक आहे की रुमाल?” गिऱ्हाईक हसतं आणि घेऊन जातं. त्याचा बाबांना जास्त राग येतो.

एक गोष्ट मात्र तुला विचारायची होती. काहीजण सॅक मागत नाहीत. बेतायचा कागद मागतात, म्हणजे घरी स्वतः शिवतील. बाबा म्हणाले, “धंद्याचा कागद कोणी देतं का? उद्या दुकानाची चावी मागतील.” मी विचार केला. निम्मं तुझ्या खिडकीने शिकवलं, निम्मं छत्रीवाल्याने, वर बायकोने. त्यात मालकी सांगण्यासारखं माझं किती? मी कागद पाठवायला लागलो. आणि गंमत बघ, कागद गेले की पत्रं परत येतात. एकीने लिहिलं, बाहेरून जाळी लावा, ओले कपडे चालता चालता वाळतात. एकाने पत्र्याच्या लहान डब्याला भोकं पाडून स्पिरिटची चूल केली आणि तिचं चित्र पाठवलं. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ती माणसं माझ्या टेबलावर काम करतायत असं वाटतं.

आता खिंड जवळ येत असेल. दर पत्रात शिवणीचं लिही.

तुझा भाचा

१८ ऑगस्ट

चि. बाबू,

शिवण ठीक. गुडघाही ठीक. पण मी अडकले आहे.

खिंडीच्या खाली नदीकाठी मुक्कामाची जागा आहे, आणि तिथून थोडं वर एक चौकी. चौकीच्या दारात काटा टांगलाय. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी नुसत्या सदऱ्यावर वर गेला आणि त्याला पाठीवर घालून खाली आणावं लागलं. तेव्हापासून नियम झाला, की ज्याची सॅक ठरलेल्या वजनापेक्षा हलकी, तो तयारीने आलेला नाही. त्याला सोडायचं नाही.

नियमामागची काळजी मला कळते. म्हणून मी भांडले नाही. चौकीवाल्यासमोर सगळं मांडलं. ही रजई, हे छत, हे लोकरीचं, हे खाणं. तो मान डोलावत होता आणि काट्याकडे बघत होता. म्हणाला, “आजी, तुमचं पटतं मला. काट्याला पटत नाही.”

जन्मभर मी लोकांना सांगितलं, ‘वजन जास्त आहे, कमी करा.’ आणि आज मला कोणी म्हणतंय, ‘वजन कमी आहे, वाढवा.’ मला तिथेच हसू फुटलं. खाली आल्यावर मात्र हसू येईना.

वजन वाढवायचं म्हणून पीठ-तांदूळ भरले, तर ते खिंडीपार न्यावे लागणार. दिवसभराचा चढ आहे. डॉक्टरांचं वाक्य खोटं करून बघायची माझी हिंमत नाही. मास्तरही थांबलेत, तुझी सॅक आल्यापासून तेही माझ्याच जातीचे झालेत. महिनाअखेर चौकी बंद होते, बर्फ येतं. मग वाट पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी हा गुडघा माझं ऐकेल का, कोण जाणे.

टपालाची जीप इथे रोज येते. काही सुचलं तर लगेच लिही. नाही सुचलं तरी लिही.

आत्या

२२ ऑगस्ट

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून आधी मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, परत येईल, शिवणीचा घोर गेला. मग शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या आणि ते सुटलेपण टिकलं नाही.

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “कागद घे. मी सांगतो तसं लिही.” तुला पत्र लिहायची त्यांची ही पहिलीच वेळ, म्हणून शब्दाला शब्द लिहितो:

“धाकटे, नदीकाठी बसली आहेस ना? मग दगड भर. चौकी ओलांड. ओत. एवढं न सुचायला पोस्टात काय नुसते शिक्के मारत होतीस?”

मी म्हटलं, “बाबा, ही फसवणूक नाही का?”

“कोणाची? त्याने तयारी बघितली, त्याला पटली. काट्याने वजन मागितलं, त्याला वजन मिळेल. जो तो आपापलं घेईल.”

मी थोडा वेळ डोळे मिटून बसलो. मनाला विचारलं, की तिच्याजवळ थंडीपावसाचं जे हवं ते सगळं आहे का? आहे. मग माझी हरकत नाही. पण आत्या, छत्रीचं कापड वाऱ्यासाठी विणलेलं असतं, दगडासाठी नाही. तुझ्या सॅकची परीक्षा मी घेतलीच नव्हती. लोंबकळायची छाती झाली नव्हती. आज घेतली. तशीच दुसरी सॅक आढ्याला टांगली, डोळे मिटले आणि पट्ट्याला लोंबकळलो. धरलं! बाबांना मी बोलावलं नव्हतं, तेच उठून आले आणि माझ्या कमरेला लटकले. तरी धरलं. बायको दारात उभी राहून हसत होती, “अहो, उतरा आता दोघेही, आढं पडेल!” बाबा उतरले, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि चहा प्यायला गेले.

दगड गोल, गुळगुळीत घे. धारेचा एकही नको. रजईत गुंडाळ. हळू चाल. आणि वचन विसरू नकोस.

तुझा भाचा

३० ऑगस्ट

चि. बाबू,

खिंडीच्या पलीकडून लिहिते आहे. पलीकडून! दोनदा वाच.

मी आणि मास्तर नदीत उतरलो आणि बाजारात बटाटे निवडावेत तसे दगड निवडले. मास्तर प्रत्येकाचा गोलवा तपासत होते. चौकीपर्यंतचा तो छोटासा चढ, देवा! तेवढ्यातच मला कळलं की बाकीची माणसं वाटेवर गप्प का असतात. चौकीवाल्याने सॅक काट्याला लावली. काटा वाकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. म्हणाला, “चला.”

पुढच्या वळणावर एक मोठा खडक आहे. त्याच्या आड जाऊन दगड ओतायचे असं ठरलं होतं. आम्ही आड गेलो आणि उभेच राहिलो. तिथे ढीग होता, बाबू. नदीतल्या गोल गुळगुळीत दगडांचा, माझ्या कमरेएवढा. एवढ्या उंचावर नदीचे दगड आपल्या पायांनी चढून आले नसतील! आमच्याआधी कितीतरी जणांनी हेच केलं होतं. मला वाटत होतं की हे खूळ माझ्या एकटीच्या डोक्यातून निघालं आणि तुझ्या एकट्याच्या मशीनवरून उतरलं. तर नाही. कोण कुठली माणसं, ज्यांनी माझी खिडकी पाहिली नाही की तुझं दुकान, तीही आपापल्या घरी बसून हेच तोलत होती, कापत होती, शिवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर म्हणाले, “आजी, काय झालं?” म्हटलं, “काही नाही. नातेवाईक भेटले.”

आम्ही ओततोय तेवढ्यात मागून हाक आली, “आजी, काठी विसरलात!” चौकीवाला! हातात माझी काठी. मी हातातला दगड तसाच धरून उभी. चोर मुद्देमालासकट.

त्याने काठी दिली. म्हणाला, “जरा आत सरकवून टाका. मागल्या खेपेला वाटेवर आले होते, टपालवाला अडखळला.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“वजन करायचा हुकूम आहे, मी वजन केलं. आणि खरं सांगू आजी? ज्याला काट्यापुरते दगड आणायची अक्कल असते, त्याला पावसात काय करायचं हेही कळतं. परत खाली जातो तो नुसता चिडणारा.”

मग खिंड चढलो. वारा असा, की कान हातात धरावेत. गुडघा कुरकुरला, पण चालला. वरून दोन्ही बाजू दिसल्या. मी मनात हात जोडले. काही मागितलं नाही, नुसते जोडले.

आता शिवणीचं. एका दगडाला धार होती, मास्तरांच्या भूमितीतून सुटला. तळाचा कोपरा फाटला. मास्तरांनी शिवून दिलं, टाके अगदी समांतर. आणि नीट ऐक, शिवण उसवली नाही, कापड फाटलं. वचन शिवणीचं होतं. मी मागे फिरले नाही.

आत्या

१४ सप्टेंबर

ती. आत्या,

वकिलीण व्हायची होतीस तू. पत्र मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं, बाबांनी बसून तीनदा. छत्रीवाल्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, “कापड फाटलं यात माझी बदनामी आहे,” आणि तळासाठी जरा दाट विणीचं कापड घेऊन आला. आता सगळ्या सॅकना तेच लावतो.

चौकीवाल्याचं कार्ड आलंय! तपासणीला आलेल्या साहेबांना तो ढीग दिसला. त्यांनी विचारलं, हे काय? याने खरं ते सांगितलं. काटा काढून टाकलाय. पुढच्या मोसमापासून सॅक उघडून दाखवायची, थंडीचं काय, पावसाचं काय, एवढंच विचारायचं. कार्डाच्या शेवटी त्याने स्वतःसाठी एक सॅक मागितली आहे.

पलीकडच्या गल्लीत आणखी एकाने अशाच सॅक शिवायला घेतल्यात. बाबा म्हणाले, “बघ, कागद वाटत सुटलास ना!” मी जाऊन पाहून आलो. त्याने पट्टा माझ्यापेक्षा चांगला वळवलाय. कसा वळवला ते त्याने दाखवलं, मी त्याला कागदावर शिवायची युक्ती दाखवली. परत येताना फार बरं वाटत होतं.

एक घरातली गोष्ट, बाबांना कळू देऊ नकोस. काल मी दुकानात शिरलो तर ते आरशासमोर उभे होते, पाठीवर रुमाल चढवून. एकदा या बाजूने बघत होते, एकदा त्या बाजूने. मी पाय न वाजवता मागे फिरलो.

वाटेचा शेवट समुद्राशी होतो म्हणतात. पोचलीस की पहिलं पत्र मला.

तुझा भाचा

२७ सप्टेंबर

चि. बाबू,

पोचले. अख्खी वाट.

शेवटचा उतार संपला की एक धक्का आहे. तिथून होड्या सुटतात आणि तिकिटाची एक खिडकी आहे. मास्तर मागे राहिले होते, त्यांना उतारावरच्या एका पुलाची कमान मोजायची होती. मी एकटीच पाण्यापर्यंत गेले, बूट काढले, पाय बुडवले. म्हटलं, आता सॅक काढून ठेवावी आणि जरा आडवं व्हावं. बाजूला बघितलं, सॅक नाही!

शेवटचं बसले होते ते पुलाच्या कठड्यावर. तिथेच राहिली, दुसरं काय? तुझी एवढी मेहनत, त्यात तुझी सगळी पत्रं. मी उठले आणि तशीच अनवाणी धावत सुटले. ऐकतोस ना? धावत. चढावर. या वयात, या गुडघ्याने. तिकीटवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, “आजी, काय झालं?”

“माझी सॅक राहिली पुलावर!”

“आणि पाठीवर काय आहे?”

मी धावता धावताच म्हटलं, “काही नाही!”

आत्या